लाल वही उघडून बघणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कंपनीकडून परत मिळायच्या डिपॉझिटचा शेवटचा हप्ता काल खात्यात जमा झाला, म्हणून आजच लिहायला बसले. मध्यस्थीतली बोलणी गोपनीय असतात हे मध्यस्थ म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत. त्यामुळे तुमचं नाव नाही, कंपनीचं नाही, आणि त्यांची बाजूही नाही. माझ्यापुरतं लिहिते.

साताऱ्यात चहाची फ्रँचायझी घेतली ती आईची एफडी मोडून. दोन किलोमीटरच्या आत दुसरी शाखा देणार नाही, असं करारात होतं. चौदा महिन्यांत सातशे मीटरवर तोच बोर्ड लागला. मी कंपनीला द्यायची रॉयल्टी थांबवली, त्यांनी माल थांबवला, मग नोटिसा सुरू झाल्या. करारात कोर्ट पुण्याचं. खेपा घालायच्या तर दुकानावर कोण बसणार?

वकिलांनी सांगितलं, फ्रँचायझीचा वाद हा व्यापारी वाद. 3 लाखांपासून पुढच्या दाव्यात, तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. मला वाटलं, झालं, आणखी एक चक्कर वाढली. माझा दावा 8 लाखांचा, फी 15 हजार, ती दोघांत निम्मी. तेव्हा साडेसात हजारही जड होते.

तुम्ही मला एकटीला आत बोलावलंत. मी नोटिसांची फाईल पुढे केली, ती तुम्ही बाजूला ठेवलीत. "रोजचा गल्ला कुठे लिहिता?" पिशवीतून लाल वही काढून दिली. तुम्ही एकेका पानावरून बोट फिरवत गेलात. 9,400, 9,150, 9,600. आणि मग तो दुसरा बोर्ड लागल्याची तारीख, तिच्यापुढे 5,100. तिथे बोट थांबलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. थोड्या वेळाने विचारलंत, "ही वही त्यांना दाखवली तर चालेल?" दीड वर्षात माझी परवानगी कुणी पहिल्यांदाच मागितली होती. मला रडू आलं, तुम्ही पाण्याचा ग्लास सरकवलात.

चूक कुणाची, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. पहिल्यांदा त्याचा रागही आला. पण "तुम्हाला पैसे हवेत, बोर्ड हवा, की दुकान हवं?" हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी रात्रभर जागून उत्तर शोधलं: दुकान.

चौथ्या बैठकीत सह्या झाल्या. अर्ज केल्यापासून तीन महिनेही झाले नव्हते. त्या तडजोडीच्या कागदाला लवादाच्या, म्हणजे पंचाच्या, निवाड्याइतकंच बळ आहे, हे तुम्ही मला दोनदा समजावलंत, मी विचारलं म्हणून. कंपनीचे साहेब त्या दिवशी पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबले होते. हे पत्र टाकू का, हेही मी त्यांना फोन करून विचारलं. ते हो म्हणाले.

आता बोर्डावर आईचं नाव आहे. मसाला घरी कुटते, वेलची जरा जास्त घालते. लाल वही भरली, नवी आणली. काल तिच्यात 8,700 लिहिले.

तुमची ऋणी,
साताऱ्याची चहावाली