म्हापशाच्या बाजारातल्या त्या फुलवाल्या बाईंना

नमस्कार बाय,

शुक्रवारी बाबांना गाडीत बसवून घरी आणायच्या गडबडीत तुम्हाला धड ‘देव बरें करूं’ म्हणायचंही राहून गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. बाबांना नावं ठेवली गेली ती भर बाजारात, मग आभार तरी घरात बसून का मानायचे?

बाबा निवृत्त मास्तर. आयुष्यात फेणी ओठाला लावली नाही. खोकल्यावर कुणी चमचाभर सुचवली तरी भांडायला उठतात. त्या दिवशी संकष्टी. सकाळी डायबिटीसची गोळी घेतली आणि तसेच उपाशीपोटी बाजाराला निघाले. बसस्टँडजवळ पाय लटपटले, जीभ जड झाली, गाव विचारलं तर भलतंच सांगू लागले. एका दुकानदाराने ‘दारात बसू नका’ म्हणून उठवलं. कुणीतरी म्हणालं, ‘बेबदो. सकाळींच मारून आयला.’ झालं, दारुडा हे निदान पक्कं! मोबाईल काढणारेही होते म्हणे.

तेवढ्यात तुम्ही अबोलीच्या वळेसरांची टोपली शेजारणीच्या हवाली करून आलात. वाकून बाबांच्या तोंडाचा वास घेतलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, ‘सोऱ्याचो वास येना. घाम पळयात कितलो सुटला. साकर देंवल्या तांची.’ म्हणजे दारू नव्हे, रक्तातली साखर उतरलेली.

हे मला तुमच्या शेजारणीने सांगितलं. पुढे साखर-पाणी, धावपळ, सगळं झालं. पण माझं मन त्या वाकण्यापाशीच अडतं. बाकीच्यांना दारूचा वास दहा पावलांवरून आला होता. जवळ जाऊन खात्री केली ती एकट्या तुम्ही. मास्तरांची अब्रू तुम्ही तिथल्या तिथे राखलीत, साखर नंतर वर आली.

आणि समजा, प्यायलेले असते तरी काय? रिकाम्या पोटी दारू घेतली की यकृताकडून रक्ताला मिळणारी साखर अडते, त्या माणसाचीही साखर अशीच उतरू शकते. घामाने निथळणारा, बरळणारा माणूस बेबदो म्हणून रस्त्यावर टाकून जायची आपल्याला फार सवय झाली आहे.

चहाच्या गाड्यावरून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणलीत. आधी एकच घोट. तो गिळला की नाही ते गळ्याकडे बघून मगच पुढचा. मागून एकजण ‘आडवे करा नि तोंडात ओता’ म्हणत होता, त्याला गप्प केलंत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. तिथे रुग्णवाहिकेसाठी 108 लाच फोन लावायचा. भल्याभल्या शिकलेल्यांना हे ठाऊक नसतं. पंधरा मिनिटांनी फार्मसीवाल्याने साखर मोजायचं मशीन आणून बोटाला टोचलं, तर आकडा 58. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. पुन्हा तेवढंच साखरपाणी. मग पाव, कारण नुसत्या साखरेचा जोर लगेच ओसरतो. उपास मोडायला बाबा तयार नव्हते, तर म्हणालात, ‘गणपतीक हांव सांगतां.’ त्यावर मास्तरांचाही इलाज चालला नाही.

एवढं कुठे शिकलात विचारलं, तर ‘आवयक इन्सुलिन आशिल्लें’ इतकंच आईबद्दल बोललात.

आणि बाबांची गोळी वाढवणारे डॉक्टर? दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. भात कमी, गोड बंद, साखर वाढता कामा नये, हे बजावून झालं. ती उतरूही शकते, ही गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, घाम सुटला किंवा हात कापू लागले तर आधी साखर खायची, हे सांगायला सवड नव्हती. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत डायबिटीसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. चार मोठ्या माणसांमागे एक. म्हणजे त्या घोळक्यातसुद्धा गोळीवाले असणारच, आणि त्यांतल्या एकाला म्हणून ओळखता आलं नाही. आता दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली आहे, बाबांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते आणि पाकिटात चिठ्ठी: ‘मला डायबिटीस आहे.’

मला फोन केलात तेव्हाचं पहिलं वाक्यही लक्षात आहे: ‘बाबा बरे आसात, गाडी सवकास हाड.’ काय झालं ते मग सांगितलंत. अशी माणसं अजून बाजारात बसतात, म्हणून म्हाताऱ्यांना एकटं बाहेर सोडायचा धीर होतो.

साखर-पाव तुमच्या पैशांनी आला, तुम्ही एक रुपयाही घेतला नाहीत. चवथीच्या पूजेची फुलं आम्ही तुमच्याकडूनच नेणार, हे घरात ठरलं आहे. आई भाव करेल, ते तेवढं सांभाळून घ्या. तिला बाजारात भाव न करता फुलं घेता येत नाहीत.

आपला,
मास्तरांचा मुलगा