पॉवर सप्लायच्या पंख्यात तेल सोडू नका

महोदय,

गेमिंग कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) घरघरू लागला की ‘खोलून पंख्यात तेल सोडा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो जिवावर बेतू शकतो. आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

आधी आवाज ओळखावा. कागदाची सुरळी करून एक टोक जाळीजवळ, दुसरे कानाशी धरले की उगम कळतो. बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाचाच पंखा निघतो. टकटक होत असेल तर बहुधा वायर पात्याला लागते आहे. थंड मशीन सुरू करताना खरखर होऊन थोड्या वेळाने ती कमी होत असेल, तर बेअरिंगमधले वंगण आटत आले आहे. गेमच्या मेनूत फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या) शेकड्यांत गेला की वाढणारी बारीक चीं-चीं मात्र पंख्याची नव्हे, कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची. फ्रेम रेटला मर्यादा घातली की ती बहुधा शमते.

फक्त खेळतानाच घोंघावत असेल तर बुडाची धूळजाळी धुऊन, वाळवून बसवा. मागचा स्विच बंद, प्लग काढलेला, पाते लाकडी काडीने अडवलेले, मग जाळीतून पंख्यावर हवेचे छोटे झोत. पाते मोकाट फिरू दिले तर बेअरिंगच बिघडू शकते. कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नये, बुडाची हवा अडते; तरी लोक ठेवतातच.

बेअरिंग गेलेच असेल तर सप्लाय वॉरंटीत बदलून घ्यावा. नवा मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) असल्यास जुन्या केबल वापरू नयेत. सॉकेट सारखे दिसले तरी पिनांची जोडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी (डेटा साठवणारा भाग) जळू शकते.

– एक वाचक