परीक्षा पूर्ण होण्याआधीच घरून हिशेबाचं काम घेणाऱ्यांना वळण लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अकाउंटन्सीचे काही पेपर सुटलेत, काही अजून डोक्यावर आहेत आणि तरी घरून छोट्या धंद्यांचे हिशेब लिहायला घेतलेत, अशा आम्हा सगळ्यांकडून हे आभारपत्र. उघड लिहितोय, म्हणजे याच वाटेवरच्या इतरांनाही उपयोग होईल.

गिऱ्हाईक कसं मिळवायचं हे तुम्ही सुरुवातीला सांगितलंच नाहीत. आधी आपली परीक्षा घेणाऱ्या अकाउंटन्सीच्या संस्थेचे विद्यार्थ्यांसाठीचे नियम वाचायला लावलेत. स्वतंत्र काम कुठे चालतं, कुठे परवाना लागतो, कुठे सरळ मनाई असते. नोकरी चालू असेल तर नेमणूकपत्रातली बाहेरच्या कामाची अट पाहायला सांगितलीत. कार्डावर 'हिशेबलेखन' एवढंच. सभासदत्वाची अक्षरं नावापुढे लावायची नाहीत, 'अंतिम टप्प्यात' अशी शेपूट जोडूनही नाही.

मग कामाचं पत्र. काय करणार, किती तारखेपर्यंत कागद मिळाले तर किती तारखेला हिशेब देणार, फी किती, काम थांबलं तर डेटा कोणाकडे जाणार, आणि ऑडिट, प्रमाणपत्र व करसल्ला यात नाही, हे सगळं पांढऱ्यावर काळं. सॉफ्टवेअरचं खातं गिऱ्हाइकाच्या नावावर, बँकेचा प्रवेश फक्त पाहण्यापुरता. पासवर्ड कुणी आपणहून दिला तरी घ्यायचा नाही. विश्वास असला तरी नाही. रक्कम गेली की पहिली शंका पासवर्ड माहीत असणाऱ्यावर येते.

फी सांगण्याआधी शेवटच्या तीन महिन्यांच्या बँक स्टेटमेंटमधल्या ओळी मोजा, हा तुमचा सल्ला आम्ही सगळ्यांना देतो. 'धंदा लहानच आहे' या वाक्याला काही अर्थ नसतो; उलाढाल लहान असली तरी ओळी शेकड्यांनी असू शकतात. साचलेल्या मागच्या कामाची फी वेगळी. ती महिन्याच्या फीत घातली की पहिले काही महिने फुकटात जातात आणि अभ्यासाचे तास त्यातच संपतात.

पण सगळ्यात मोठे उपकार सुरुवातीच्या शिलकांबद्दल, म्हणजे मागच्या वर्षातून नव्या वर्षात येणाऱ्या आकड्यांबद्दल. गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरमधले आकडे आहेत तसे पुढे ओढू नका, मागच्या वर्षीचा अंतिम ताळेबंद मागून घ्या, असं तुम्ही बजावलंत. वर्षअखेरीला घसारा (वस्तूंची झीज), देय खर्च (झालेला पण न दिलेला खर्च), शेवटचा साठा यांच्या नोंदी बाहेरचा अकाउंटंट त्याच्या फायलीत करतो. त्या गिऱ्हाइकाच्या पुस्तकात उतरवायच्या राहून जातात. मग ताळेबंद एक नफा सांगतो, सॉफ्टवेअर दुसरा, आणि नवीन वर्षाची पहिली ओळच चुकीची पडते. ताळेबंद आणि सॉफ्टवेअर खात्यामागून खातं ताडून फरकाची यादी करायची, त्या समायोजन नोंदी मागवायच्या, टाकायच्या, आणि मगच मागचं वर्ष कुलूपबंद करायचं.

बँक मेळाचंही, म्हणजे आपल्या नोंदी बँकेशी जुळवण्याचंही, तसंच. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येणाऱ्या ओळींवर विसंबू नका. जोडणी मध्येच तुटते, काही दिवस गळतात, पुन्हा जोडली की काही ओळी दुबार येतात. महिनाअखेरची शिल्लक खुद्द स्टेटमेंटशी जुळवायची. एकूण रक्कम जुळली तरी आतल्या नोंदी बरोबर असतीलच असं नाही, हे तुम्ही उदाहरणं देऊन दाखवलंत. ऑनलाइन विक्री 10,000, पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीने 200 कापले, बँकेत 9,800 आले. विक्री 9,800 लिहिली तर बँक जुळते, पण विक्री आणि खर्च दोन्ही 200 ने कमी दिसतात. कर्जाचा हप्ता अख्खा खर्चात टाकला तरी बँक जुळते. मुद्दल आणि व्याज वेगळं न केल्याने कर्ज मात्र कागदावर फिटतच नाही. पुरवठादाराचं बिल खरेदीत नोंदलेलं असताना त्याचं पेमेंट थेट खर्चात टाकलं, की खर्च दुप्पट आणि देणं तसंच उभं. म्हणून महिना बंद करताना बँक, रोकड, येणी, देणी, कर्ज, कर, आणि शेवटी सस्पेन्स (उलगडा न झालेल्या रकमांचं तात्पुरतं खातं) शून्य, हा क्रम. रोकड खातं कुठल्याही दिवशी वजा गेलं तर तिथेच थांबायचं. गल्ला रिकामा असू शकतो, उणे असू शकत नाही. बहुधा मालकाने खिशातून घातलेले पैसे तरी लिहायचे राहिलेत, नाहीतर एखादा खर्च दोनदा पडलाय.

वहीवर हाताने तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिलकांची जुळणी) लावायची वेळ आलीच, तर दोन बाजूंच्या फरकाला 9 ने भागून पाहा, पूर्ण भाग गेला तर आकडे उलटे पडले असू शकतात, ही युक्ती क्लासमध्येही कानावर येते. 63 चे 36 झाले की फरक 27. फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते, हेही. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, हा समज तुम्ही मोडलात. अजिबात न लिहिलेलं बिल किंवा दुरुस्तीच्या खात्यात गेलेलं यंत्र तेरजेला दिसतच नाही.

शंका विचारण्याची तुमची रीत तर गिऱ्हाइकांनाही आवडते. दिवसभर तुटक मेसेज नाहीत. आठवड्याला एकच तक्ता: तारीख, रक्कम, स्टेटमेंटवरचा मजकूर, आणि उत्तरासाठी रिकामा रकाना. 'हे कशाचं?' यापेक्षा 'हे घरचं की धंद्याचं?' असं विचारलं की उत्तर लगेच येतं. घरचं निघालं तर ते उचल खाती, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या खात्यात.

महिना बंद करायची तुमची यादी आता आमच्या मागून येणारेही वापरतात. तिच्यात आम्ही एक ओळ घातली आहे: परीक्षेच्या महिन्यात नवीन काम घ्यायचं नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांना आपल्या तारखा आधीच कळवायच्या. तुम्हाला पटते का, कळवा.

आपले आभारी,
अजून पेपर देणारे हिशेबनीस