तज्ज्ञांचा शब्द आणि लोकांचा सवाल

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी ‘लोपर ब्राइट’ खटल्यात ‘शेव्हरॉन’चं तत्त्व मोडीत काढलं, याचा तुझा संताप ओळीओळीत दिसतो. उभी नोकरी वीज खात्यात काढलेल्या इंजिनिअरला न्यायाधीशांनी तज्ज्ञांच्या कामात हात घालणं खटकणारच. मी मात्र कोर्टात उभा राहणारा माणूस. मला यात आणखी काही दिसतं, आणि ते तुझ्याशीच बोलावंसं वाटतं.

१९८४ च्या ‘शेव्हरॉन’ निकालाचं म्हणणं असं: कायद्याची भाषा संदिग्ध असेल, तर सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मान्य करायचा. त्यामागे लोकशाहीचाच विचार होता. न्यायाधीशांना कोणी निवडून देत नाही. यंत्रणा निदान निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाताखाली असते. हे मला पटतं. पण ‘लोपर ब्राइट’मध्ये भांडण कशाचं होतं बघ. हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर निरीक्षक ठेवायचा, आणि त्याचा खर्च बोटमालकाने सोसायचा, असा यंत्रणेचा नियम होता. त्या मासेमारीपुरता खर्च कोणाचा, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. समुद्रात मासे किती उरले, हे शास्त्रज्ञच सांगू शकतो. पैसे कोणाच्या खिशातून जावेत, हे सांगायला मत्स्यशास्त्र कशाला लागतं? तो कायदेमंडळाचा प्रश्न आहे आणि कायदेमंडळाने त्याचं उत्तर लोकांना द्यायचं असतं.

आता आपल्याकडे ये. तुला आमचा पूर्व भाग माहीत आहे. घराघरात माग, चादर आणि टॉवेल. वीज मध्येच गेली की माग थांबतो, पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो माल दुय्यम ठरतो. हे नुकसान वीज कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेतल्या कुठल्या तक्त्यात असतं? याचिका शेकडो पानांची, भाषा हिशेबनिसांची. ‘आमचं कोण ऐकणार ओ वकीलसाहेब?’ असं यंत्रमागधारक विचारतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण कायदा त्यांच्या बाजूचा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ मध्ये सरळ लिहिलंय: दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्यायच्या.

म्हणूनच मला २००२ चा पश्चिम बंगाल वीज नियामक आयोग विरुद्ध सी. ई. एस. सी. (कोलकात्याची वीज कंपनी) हा निकाल मोलाचा वाटतो. कलकत्ता उच्च न्यायालयाचं मत पडलं की ग्राहकांना सुनावणीचा हक्क नाही. लाखो ग्राहक, किती जणांचं ऐकणार? सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं आणि कायद्याने दिलेला हा हक्क उचलून धरला. त्याच निकालात हेही म्हटलं की दरांसारख्या तांत्रिक विषयातलं अपील उच्च न्यायालयाऐवजी तज्ज्ञ न्यायाधिकरणाकडे असावं. पुढे २००३ च्या कायद्यात विजेचं अपील न्यायाधिकरण आलंच. आकडेमोड तज्ज्ञांनी करावी, पण ग्राहकाला बाहेर ठेवून नव्हे. एकाच निकालात दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींना मारक नाहीत.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या खटल्याचं उदाहरण तू देशील, ठाऊक आहे. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सरकारी निर्णयावर विश्वास ठेवला. न्यायमूर्ती भरूचांचं मत वेगळं होतं: आवश्यक अभ्यास पुरे न होताच पर्यावरणाची मंजुरी दिली गेली. धरणाची उंची किती असावी हे ते ठरवायला गेले नव्हते. आधी अभ्यास झाला का, एवढंच त्यांनी विचारलं. उजनीच्या पाण्याखाली गावं गेलेल्या जिल्ह्यात राहून मला तो प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटत नाही.

अमेरिकेतच १९४४ चा ‘स्किडमोर’ निकाल आहे. यंत्रणेच्या मताला किती वजन द्यायचं, तर तिने किती बारकाईने विचार केला, कारणं किती पटणारी दिली, आधीच्या भूमिकेशी ती कितपत सुसंगत राहिली, हे पाहून. ‘शेव्हरॉन’ गेलं तरी हा मार्ग शिल्लक आहे. मला तो आपल्याकडेही हवा, त्यात एका अटीची भर घालून: हरकत घेणाऱ्याला आदेशात कारणासह उत्तर मिळालं का? ‘हरकतींची नोंद घेतली’ एवढ्या ओळीवर कोर्टाने कुठल्याही तज्ज्ञाचा मान राखू नये. उत्तर नीट दिलं असेल, तर न्यायाधीशाने पैशांच्या हिशेबात डोकं घालू नये, हे तुझं म्हणणं मला बिनतक्रार मान्य.

तू सुनावण्यांना टेबलाच्या पलीकडे बसला आहेस. एखाद्या साध्या ग्राहकाच्या बोलण्यामुळे तुमचा आकडा खरोखर बदललेला तुला आठवतो का? आठवत असेल तर सविस्तर लिही. इथल्या यंत्रमागधारकांना मला ते वाचून दाखवायचं आहे. पुढच्या हरकती मी त्यांच्यासोबत बसून मराठीत लिहिणार आहे. मसुदा तुझ्याकडे पाठवतो, आकडे तपासून दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सोलापूरचा दोस्त