एसडीएमसी (शाळा सुधारणा समिती) बैठक : शनिवारी, शाळा सुटल्यावर

सर्व सदस्यांनी चौथीच्या वर्गात जमावे. ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात. खोपटांतली सात-आठ पोरं अजून शाळेबाहेर आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ तसेच सांगते. घरी लमाणी किंवा कन्नड बोलणाऱ्या पोराला ‘मराठी येत नाही’ म्हणून मागच्या बाकावर ढकलू नये. आपण बेळगावात कचेरीत कन्नड फॉर्म हातात घेऊन कसे उभे राहतो, तेवढे आठवावे.

दुसरे, रॅम्पच्या तोंडाशी पाण्याचे बॅरल ठेवलेय. कुबडी घेऊन येणारी सहावीतली पोर अजून पायऱ्याच चढते. कुणी ठेवले ते विचारत नाही, हलवायला दोघे लवकर या.

चहा आहे.

— अध्यक्ष, शाळा सुधारणा समिती