पाटावरच्या पुलापाशी

निफाड,
रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, "शिंगरू नाही रे, गुंड आणलाय घरात." खांद्याने ढकलतो, शर्टाची बटणं तोडतो, दोरी धरली की तूच त्याच्यामागे फरफटत जातोस. मी हसलो आणि तू चिडून फोन ठेवलास. पण मी तुला हसलो नव्हतो. गेल्या वर्षी याच दिवसांत माझीही हीच गत झाली होती, फक्त मी ती तुझ्यापासून लपवली होती.

चांदणी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली, हे तुला माहीत आहे. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. ढोलावर नाचणारी, नटवलेली जनावरं बघून शहाण्या माणसाचंही डोकं फिरतं, मग माझं काय! मारवाडी रक्ताची, कुमैत म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. साडेतीनशे किलोंचं ते जनावर टेंपोतून उतरलं तेव्हाच मी ठरवलं, हिला मायेने जिंकायचं. माया म्हणजे काय, तर गूळ.

पंधरा दिवसांत ती माझे खिसे हुंगायला लागली, महिन्याभरात चावायला. ती पुढे आली की मी मागे सरकायचो आणि वर आणखी एक खडा द्यायचो. मग एके दिवशी पाटावरच्या पुलापाशी सिमेंटची रिकामी गोणी वाऱ्याने फडफडली आणि चांदणी बुजली. मला ओढत द्राक्षबागेच्या कुंपणापर्यंत नेलं. दोरी सुटली, तळहात सोलवटले. समोर टपरीवर आठ-दहा माणसं चहा पीत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "कोण कोणाला फिरवतंय, भाऊ?"

आमच्याकडे एक चाचा आहेत, वरातीला घोडे देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना बोलावलं. ते तबेल्याच्या दारात बसले आणि मी खरारा करत होतो तो नुसता बघत राहिले. चहा संपल्यावर म्हणाले, "अकरा वेळा."

"काय अकरा वेळा?"

"तुम्ही तिच्यासाठी अकरा वेळा सरकलात. ती तुमच्यासाठी एकदाबी नाही."

या हिशेबाने माझी झोप उडाली. नंतर शेजारच्या गायरानात दोन घोड्या चरताना मुद्दाम बघत बसलो. एकीने कान मागे पाडले, एवढंच. दुसरी चारा सोडून बाजूला झाली. लाथ नाही, चावा नाही. कोणी कोणाला जागा द्यायची हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं, आणि चांदणीने माझ्याबाबतीत तेच ठरवून टाकलं होतं.

चाचांनी करायला लावलं ते ऐकायला फार साधं आहे. मोहरकीची, म्हणजे तोंडावरच्या बांधणीची, दोरी सैल धरायची, दोन बोटं छातीला टेकवायची आणि मागे सरकायला सांगायचं. नाही सरकली तर दाब हळूहळू वाढवायचा. तिने नुसतं वजन मागे नेलं तरी त्याच क्षणी बोटं काढायची. बंड्या, सगळी मेख त्या क्षणात आहे. दाब आला म्हणून घोडा शिकत नाही, दाब सुटतो तेव्हा शिकतो. जरा उशीर झाला आणि तेवढ्यात तिने मान झटकली, तर मान झटकल्यानेच सुटका झाली असं ती धरून चालते. पहिले आठ दिवस मी तिला नेमकं तेच शिकवलं, आणि अगदी उत्तम शिकवलं!

दुसरं म्हणजे कान. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात आणि कान जिकडे, लक्ष तिकडे. चांदणीचा कान माझ्याकडे कधी वळतच नसे. मग चालता चालता न सांगता थांबायला लागलो. ती पुढे गेली तर दोरीची ओढाताण न करता सरळ वळून उलट दिशेला चालू लागायचो. दहा-बारा दिवसांत डावा कान माझ्याकडे राहू लागला, हा आता कुठे वळतोय याचा अंदाज घेत.

चाबकाबद्दल तू विचारलंस. हातात असू दे, हात लांब करायला उपयोगी पडतो. मारायला नको. मार खाल्लेला घोडाही तुझ्याकडेच बघतो, पण पळायची वाट कुठे आहे ते शोधत. आणि राग आला की त्या दिवशी काम बंद, दाणावैरण टाकून घरी जायचं. मी हे दोनदा पाळलं नाही आणि दोन्ही वेळा आठवडाभराची मेहनत वाया गेली.

तुझं शिंगरू नर आहे, दीड-दोन वर्षांचं. बटणं तोडणं थोडं वयाचंही आहे. तरी आधी डॉक्टरांकडून दात आणि पाठ बघून घे. दुखत असेल तर वरचं सगळं शहाणपण फुकट. त्याला अगदी समोरून कपाळ थोपटायला जाऊ नकोस. डोळे दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं, पण नेमकं कपाळापुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूने जा. गूळ द्यायचाच तर बादलीत टाक, आणि हे वहिनींनाही सांग. आमच्याकडे चिरंजीव लपूनछपून हातावर खडा द्यायचे, महिनाभर मला उमजेना की घोडी पुन्हा खिसे का हुंगते.

गेल्या मंगळवारी त्याच पुलावरून आम्ही चाललो होतो. पुन्हा गोणी फडफडली, कदाचित तीच असेल. चांदणी थबकली, मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. मीही थांबलो, खांदे सैल सोडले, गोणीकडे बघितलंच नाही. तिचा डावा कान हळूच माझ्याकडे वळला. मी एक पाऊल टाकलं, तिनेही टाकलं. पुलापलीकडे गेल्यावर ती फुरफुरली, जबडा हलवत ओठ चाटले. मी मोठ्या ऐटीत टपरीकडे बघितलं, तर टपरी नेमकी बंद.

पुढच्या रविवारी येतो. तोवर चपला घालून त्याच्याजवळ जाऊ नकोस आणि दोरी हाताला गुंडाळू नकोस.

तुझा,
भाऊ