पेन्सिलीच्या त्या खुणांसाठी, मॅडम

आदरणीय मॅडम,

प्रकल्प व्यवस्थापनाची पीएमपी परीक्षा पास झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा "छान झालं गं" म्हणून तुम्ही लगेच घरच्यांची चौकशी सुरू केलीत. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळावं असं मला फार वाटतं.

अभ्यासाला बसण्याआधीच मी मेटाकुटीला आले होते, ते पुस्तक निवडता निवडता. ज्याला विचारावं तो वेगळंच नाव घ्यायचा आणि वर छातीठोकपणे सांगायचा, हे एक वाचलं की झालं. एका क्लासवाल्यांनी फी भरून घेतली आणि एक जाडजूड संच हातात ठेवला. तो सगळा पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१७ मधल्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेला. ४९ प्रक्रिया, प्रत्येकीचे इनपुट, टूल्स, आउटपुट, सगळं घोकून टाका म्हणाले. परीक्षा २०२१ च्या जानेवारीत बदलली, २०० प्रश्नांचे १८० झाले, त्यातले निम्म्याच्या आसपास अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याची पद्धत) आणि हायब्रिड (जुन्या-नव्या पद्धतींची मिसळ) यांवर येऊ लागले, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं तर म्हणे, "मूळ तेच असतं हो." असेलही. पण पैसे घेऊन शिकवणाऱ्याला वर काय बदललं हे ठाऊक असायला नको? आणखी एकानं फुटलेल्या प्रश्नांची फाइल पाठवली, पुस्तकाच्या नादी लागूच नकोस म्हणाला. त्याचा मला आजही संताप येतो. अर्ज करताना आपण ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेची आचारसंहिता पाळायचं कबूल करतो, आणि तयारी चोरीच्या प्रश्नांवर करायची?

तुमच्याकडे मी फक्त पुस्तक मागायला आले होते. तुम्ही कपाटातून काढून दिलं असतं, तेवढ्यानंही माझं भागलं असतं. पण तुम्ही ते परत आत ठेवलंत आणि म्हणालात, "असंच नको नेऊस. मी दिली ती जुनी परीक्षा होती. यातलं आता किती चालतं ते आधी बघू दे मला."

मॅडम, हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल! इतक्या जणांनी मला पुस्तकं सुचवली, पण आपण सांगतोय ते आज लागू आहे का, हे तपासावं असं एकालाही वाटलं नव्हतं.

नंतर पुस्तक हातात आलं, तेव्हा त्यात परीक्षेची तेव्हाची चालू रूपरेषा घडी घालून ठेवलेली होती. ती पीएमआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, हेही मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि पानापानावर पेन्सिलीतलं तुमचं बारीक अक्षर. त्या रूपरेषेत 'पीपल'ला, म्हणजे माणसं सांभाळण्याच्या भागाला, ४२ टक्के वजन होतं, त्यापुढे तुम्ही लिहिलं होतं, "आणि या पुस्तकात जेमतेम एक प्रकरण. दुसरीकडून वाच." ४९ प्रक्रियांच्या तक्त्यावर, "क्रम समजून घे. पाठ करत बसू नकोस." अर्न्ड व्हॅल्यूच्या, म्हणजे खर्चाच्या मानानं काम किती झालं ते मोजायच्या, सूत्रांना मात्र चौकट होती: "हे अजून लागतं. सीपीआय ०.८ म्हणजे शंभर खर्चून ऐंशीचंच काम झालं. आकड्याचा अर्थ आधी, सूत्र मागून." अजाइलवर त्या पुस्तकात धड काही नव्हतं. तिथे तुम्ही कोरा कागद लावून लिहिलंत, "यासाठी वेगळं पुस्तक घेच."

कामाच्या रगाड्यातून हे सगळं तुम्ही कधी केलंत? स्वतःची परीक्षा केव्हाच झालेली, त्यातून तुम्हाला मिळायचं काहीच नव्हतं.

दुसरं पुस्तक कोणतं घेऊ, म्हटलं, तर तुम्ही नाव सांगितलं नाहीत. कुठलाही एक सरावप्रश्न उघड आणि उत्तराचं स्पष्टीकरण वाच, एवढंच म्हणालात. बरोबर पर्याय बरोबर का, हे सगळेच सांगतात. उरलेले तीन का नाहीत हे जो सांगेल तो घे. त्या कसोटीला माझ्या यादीतली बहुतेक गाईडं तिथल्या तिथे बाद झाली. उरलेल्या एकातला पहिलाच प्रश्न होता ग्राहकानं मध्येच मागितलेल्या बदलाचा. बदल लगेच करणं चूक, थेट नाही म्हणणं चूक, प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या स्पॉन्सरकडे धाव घेणंही चूक. आधी त्याचा वेळेवर आणि खर्चावर काय परिणाम होईल ते तपासायचं. प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली दोन-तीन ओळींत कारण दिलेलं. सगळे पर्याय सारखेच बरे वाटणाऱ्या परीक्षेत मला याचाच आधार मिळाला. पुस्तक विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते.

मदत करणारी माणसं तशी पुष्कळ असतात. आपल्याला उपयोगी पडलं ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं, यातही चांगुलपणाच आहे, मी तो नाकारत नाही. पण समोरच्याची गरज आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे ओळखून, त्यासाठी आपलीच वस्तू पुन्हा उलटीपालटी करून बघणारी माणसं फार विरळा. त्यांच्यामुळे नवख्या माणसाची नुसती फी वाचत नाही, धीर टिकतो. माझा तो तुटत आला होता. क्लासवाल्यांच्या त्या संचानंतर ही परीक्षा आपल्यासाठी नाही, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं. तुम्हाला हे माहीत नसणार.

तुम्ही फोनवर विचारलं नाहीत, तरी निकालाचा तपशील कळवते. परीक्षेच्या तीन भागांपैकी 'पीपल' आणि 'प्रोसेस' दोन्हींत 'अबव्ह टार्गेट', म्हणजे अपेक्षेपेक्षा वर, असा शेरा आहे, 'बिझनेस एन्व्हायर्नमेंट'मध्ये 'टार्गेट'. 'पीपल'चा शेरा मी आधी पाहिला, आणि पहिला फोन तुम्हाला लावला तो त्यासाठीच.

तुमची कृतज्ञ,
पलीकडच्या टीममधली, तुमचं पुस्तक अजून टेबलावर असलेली